उरलेली टेप : ईएसजी या बँडचं प्रकरण

ईएसजी हे नाव ऐकलं नसेल, तरी त्यांचा एक आवाज कानावरून गेलेला असण्याची शक्यता बरीच. सायरनसारखा, थरथरत वर चढणारा, थोडा भेसूर. १९८०च्या दशकाची अखेर आणि १९९०च्या दशकाची सुरुवात या काळातल्या हिप हॉपच्या तबकड्या ओळीने ऐकत बसलात तर तो आवाज ओळखीच्या भिकाऱ्यासारखा पुन्हा पुन्हा दारात उभा राहतो. बिग डॅडी केनकडे भेटतो, पब्लिक एनिमीकडे भेटतो, नोटोरियस बी.आय.जी.कडेही भेटतो. मूळ गाण्याचं नाव 'यूएफओ', साल १९८१. वाजवणाऱ्या न्यू यॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या चार बहिणी. दुसऱ्याच्या तबकडीतून उचलून नव्या गाण्यात वापरलेल्या अशा तुकड्याला सॅम्पल म्हणतात. अकरा वर्षांनी याच बँडने काढलेल्या तबकडीचं नाव होतं 'सॅम्पल क्रेडिट्स डोन्ट पे अवर बिल्स'. नावं छापल्याने आमची बिलं भागत नाहीत, असं थेट मुखपृष्ठावर.

पोस्ट-पंक (पंक रॉकनंतरचं प्रयोगशील संगीत) आणि फंक (ठेका आणि बेस यांवर चालणारं कृष्णवर्णीय अमेरिकी नाचाचं संगीत) यांच्या सांध्यावर उभे राहिलेले बँड बरेच होते: इंग्लंडात गँग ऑफ फोर, द पॉप ग्रुप, ए सर्टन रेशो; न्यू यॉर्कमध्ये लिक्विड लिक्विड, बुश टेट्राज. त्यांपैकी बहुतेकांनी पंककडून फंककडे प्रवास केला. ईएसजीचा रस्ता उलटा. त्या फंकमध्येच वाढल्या होत्या, पंकवाल्यांनी त्यांना आपलं म्हटलं. हा फरक त्यांच्या ठेक्यातही दिसतो आणि पुढे पैशांच्या हिशेबातही.

आई, वाद्यं आणि एक व्यवहारी युक्ती

१९७०च्या दशकातला साउथ ब्राँक्स म्हणजे जळालेल्या इमारती, ओसाड प्लॉट आणि त्यांच्या मधोमध उभ्या सरकारी वसाहती. स्क्रॉगिन्स कुटुंब अशाच एका वसाहतीत राहायचं. मुली रस्त्यावर वाया जाऊ नयेत म्हणून आई हेलन यांनी त्यांना वाद्यं आणून दिली. रेने गायची आणि गिटार धरायची, व्हॅलरी ड्रमवर, डेबोरा बेसवर, मेरी काँगा या हाताने वाजवायच्या उंच ढोलावर. पुढे टिटो लिब्रान हा मित्र काँगाला येऊन मिळाला. १९७८ मध्ये बँडचं नाव पक्कं झालं. ई म्हणजे एमराल्ड, व्हॅलरीचं जन्मरत्न पाचू. एस म्हणजे सफायर, रेनेचा नीलम. जी म्हणजे गोल्ड, कारण गोल्ड रेकॉर्ड मिळवायची इच्छा.

सुरुवातीला त्यांनी दुसऱ्यांची गाणी बसवली. पण लोकांच्या तोंडी असलेलं गाणं चुकलं की पहिल्या रांगेतल्या माणसाला लगेच कळतं. स्वतःचं गाणं असेल तर चुकलं हे कोण सांगणार? रेनेने पुढे मुलाखतींमध्ये हे कारण हसत हसत सांगितलं आहे. अनेक बँडच्या मौलिकतेमागे असली साधी सोय असते, फक्त ते कबूल करत नाहीत.

कानावर दोन गोष्टी होत्या. एक, फंक गायक जेम्स ब्राउन. त्याच्या गाण्यात एक क्षण येतो जेव्हा तो वादकांना 'ब्रिज'कडे चला म्हणून सांगतो, बाकीचं सगळं गळून पडतं आणि ड्रम-बेस तेवढे उरतात. रेनेला वाटायचं, हाच भाग संपूर्ण गाणंभर का नसावा? दुसरी, घराजवळच्या बागेत उन्हाळ्यात रात्री चालणारं लॅटिन वादन: काँगा, काउबेल, हाताला येईल ती बाटली. या दोहोंची बेरीज म्हणजे ईएसजी. वजाबाकी म्हणायलाही हरकत नाही, कारण त्यांच्या संगीतात काय नाही तेच आधी ऐकू येतं.

ठेक्याची मोकळी जागा

पट्टीतले सूर एकत्र वाजवून गाण्याखाली गादी घालायची, हे काम साधारणपणे गिटार किंवा कीबोर्ड करतो. ईएसजीच्या सुरुवातीच्या गाण्यांत ही गादी जवळजवळ नाहीच. बेसची दोन आवर्तनांची छोटी ओळ, ड्रम, काँगा, वर माणसाचा आवाज. संपलं. गिटार आली तरी ती स्वरांचा आधार द्यायला येत नाही. आवाज काढायला येते आणि निघून जाते.

एक माप, म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन, सोळा खान्यांत विभागून हे समजून घेता येतं. खाली दिलेली मांडणी ईएसजीच्या कुठल्या एका गाण्याची नक्कल नव्हे, त्या घडणीचा नमुना आहे. मात्रा पडतात १, ५, ९ आणि १३ या खान्यांत. स्नेअर (काठीने वाजणारा कडक ड्रम) ५ आणि १३ वर. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) १, ९ आणि ११ वर. बंद हाय-हॅट (झांजांची जोडी) फक्त विषम खान्यांत. बेस १, ४ आणि ७ वर वाजतो आणि मग गप्प बसतो, थेट १५ पर्यंत. काँगाची कोरडी थाप ८ वर, मोकळे घुमणारे ठोके १५ आणि १६ वर. आता मोजून बघा: ९ ते १४ या सहा खान्यांत बेसही नाही आणि काँगाही नाही. नाचणाऱ्याचा पाय त्या सहा खान्यांतच उतरतो. ती जागा भरली की नाच थांबत नाही, पण अंगात येणं थांबतं.

या बाजाचं वादन बसवताना जे बिघडतं ते दर वेळी साधारण त्याच क्रमाने बिघडतं. आधी गिटारवाल्याला करमत नाही. दुसऱ्याच दिवशी तो स्वरांची गादी घालायला लागतो. ती घातली की बेसची ओळ 'साथ' होऊन बसते, मुख्य सूर राहत नाही. मग बेसच्या तारा वाजवून झाल्यावर दाबून गप्प केल्या जात नाहीत. चार तारांच्या बेसवर सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, तो मोठ्या हॉलमध्ये लवकर विरत नाही. एका खान्यात संपायला हवा तो सूर चार खाने रेंगाळला की मोकळी जागा कागदावर राहते, कानाला मिळत नाही. उपाय स्वस्त आहे: बेसच्या ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे टेकतात तिथे, तारांखाली स्पंजची पट्टी सरकवायची, किंवा उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवायचं. सूर जाडच राहतो, शेपूट मात्र कापली जाते.

ड्रमवाल्याची चूक वेगळी. दर चार मापांनी एक फेरी मारायची आणि झांजेवर काठी आपटायची, ही सवय रॉकमधून येते. झांजेचा आवाज दोन-तीन सेकंद पसरतो आणि तेवढ्या वेळात काँगाचे सगळे बारीक ठोके गिळतो. व्हॅलरीचं वादन ऐकताना लक्षात येतं की ती मागे हटत नाही आणि पुढेही धावत नाही. तीच गोष्ट तीन मिनिटं तशीच वाजवायची, हे ऐकायला सोपं वाटतं. वाजवून पाहिलं की दीड मिनिटाला हात शिवशिवायला लागतात, लय नकळत चढते, आणि मग पहिल्या मापाशी ताडून पाहिलं की सगळं उघडं पडतं. लेझीमच्या पथकात शेवटच्या रांगेत उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

शब्दही तसेच काटकसरीचे. तक्रार, नकार, टोमणा, एखादं आमंत्रण, सगळं एका ओळीत. रेनेचा आवाज गाणं सजवत नाही; वसाहतीच्या खिडकीतून खालच्या कुणाला हाक मारावी तसा तो येतो आणि मधे भरपूर जागा सोडतो.

तीन मिनिटं उरली होती

एड बाह्लमन हा न्यू यॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये ९९, मॅकडूगल स्ट्रीट या पत्त्यावर रेकॉर्डचं दुकान चालवायचा. पत्त्यावरूनच त्याच्या लेबलचं, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपनीचं, नाव पडलं: ९९ रेकॉर्ड्स, उच्चार 'नाइन नाइन'. एका गुणदर्शन स्पर्धेत तो परीक्षक होता, तिथे त्याने या मुलींना ऐकलं आणि मॅनेजर असल्यासारखा त्यांच्या मागे उभा राहिला. डाउनटाउनच्या क्लबांची दारं त्याच्यामुळे उघडली.

१९८० मध्ये हुर्रा या क्लबमध्ये मँचेस्टरच्या ए सर्टन रेशोचा कार्यक्रम होता, आधी वाजवायला ईएसजी. ए सर्टन रेशोचं लेबल म्हणजे फॅक्टरी रेकॉर्ड्स, आणि फॅक्टरीचा टोनी विल्सन तिथे हजर होता. त्याने ईएसजीला ऐकून विचारलं, रेकॉर्ड करायची का? तीन दिवसांत त्या स्टुडिओत होत्या. निर्माता होता मार्टिन हॅनेट, जॉय डिव्हिजन या पोस्ट-पंक बँडच्या तबकड्या घडवणारा. बहिणींना तो कोण हे ठाऊकही नव्हतं, आणि ते बरंच झालं.

हॅनेटची ख्याती अशी की तो बँडला उलटंपालटं करून टाकतो; ड्रम सुटा सुटा करून, एकेक भाग वेगळा वाजवून घेतो. इथे त्याने जवळजवळ हात लावला नाही. जी मोकळी जागा तो इतर बँडमध्ये कष्टाने तयार करायचा ती इथे आयती होती. त्याने तिच्यात थोडी हवा भरली, एवढंच. 'यू आर नो गुड' आणि 'मूडी' ही दोन गाणी झाली. टेपवर तीन मिनिटं शिल्लक होती. त्यात बसेल असं काही आहे का, अशी विचारणा झाली, आणि 'यूएफओ' एका दमात वाजवून झालं.

टेप उरणं म्हणजे काय ते आकड्यात पाहू. त्या काळच्या मोठ्या स्टुडिओंमधली दोन इंच रुंदीची टेप सहसा २,५०० फुटांच्या रिळावर यायची. सेकंदाला ३० इंच या वेगाने रीळ १६ मिनिटं ४० सेकंद चालतं. १५ इंचांनी बरोबर दुप्पट. ३० च्या वेगाने तीन मिनिटं म्हणजे ४५० फूट टेप. रीळ महाग, ती कापून ठेवून फारसा उपयोग नाही, आणि स्टुडिओचं भाडं तासावर. त्यामुळे शेवटच्या ४५० फुटांवर काहीतरी वाजवून घेणं ही निव्वळ काटकसर होती. बँडच्या कारकिर्दीतला सगळ्यात जास्त वापरला गेलेला आवाज या काटकसरीतून आला.

१९८१ मध्ये फॅक्टरीने सात इंची तबकडी काढली, क्रमांक फॅक ३४. त्याच वर्षी ९९ ने अमेरिकेत बारा इंची काढली: एका बाजूला ही तीन गाणी, दुसऱ्या बाजूला हुर्रामधलं प्रत्यक्ष वादन. १९८२ मध्ये 'ईएसजी सेज डान्स टू द बीट ऑफ मूडी', १९८३ मध्ये पहिला पूर्ण अल्बम 'कम अवे विथ ईएसजी'. २१ मे १९८२ रोजी मँचेस्टरमध्ये हॅसिएंडा क्लब उघडला, त्या रात्री मंचावर ईएसजी होत्या. न्यू यॉर्कच्या पॅराडाइज गराजमध्ये डीजे लॅरी लेव्हन 'मूडी' वाजवायचा. हाउस या क्लबांमधल्या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताची मुळं शोधणारे लोक या गाण्यापाशी थांबतात ते त्यामुळे. तो क्लब १९८७ मध्ये बंद झाला तेव्हाही निरोपाच्या कार्यक्रमात ईएसजी वाजवून गेल्या. पंकवाल्यांच्या क्लबात, हाउसच्या तीर्थक्षेत्रात आणि हिप हॉपच्या मोहल्ल्यात एकाच वेळी मान असलेला दुसरा बँड सांगता येणं कठीण.

९९ चं दुकान कसं उठलं

माशी शिंकली ती ईएसजीच्या गाण्यावर नव्हे, शेजाऱ्याच्या गाण्यावर. लिक्विड लिक्विड हा ९९ चाच दुसरा बँड. त्यांच्या 'कॅव्हर्न' या १९८३च्या गाण्यातली बेसची ओळ शुगर हिल रेकॉर्ड्स या रॅपच्या लेबलच्या 'व्हाइट लाइन्स'मध्ये आली. तेही १९८३चंच, मेली मेलचं, आणि बेफाम चाललेलं. शुगर हिलने तबकडीतून तुकडा उचलला नव्हता. त्यांच्या पगारी वादकांनी ती ओळ स्टुडिओत नव्याने वाजवली होती. बाह्लमन कोर्टात गेला. निकाल ९९ च्या बाजूने लागला, पण तोपर्यंत शुगर हिलचा डोलारा कोसळत आला होता आणि पैसा हाती आला नाही. खटला जिंकून दुकान हरलं. बाह्लमनने १९८०च्या दशकाच्या मध्यात लेबल गुंडाळलं आणि तो या धंद्यातून बाजूला झाला.

ईएसजीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ज्या काळात त्यांच्या तबकड्यांतले तुकडे उचलले जायला लागले, नेमक्या त्या काळात त्यांच्या बाजूने फोन उचलणारं कुणी उरलं नव्हतं.

तुकडा कापणाऱ्याच्या बाजूने

१९८७ मध्ये ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे यंत्र बाजारात आलं, तबकड्यांतले तुकडे साठवून हवे तसे पुन्हा वाजवणारं. १२ बिट, नमुना घेण्याचा वेग साधारण २६ किलोहर्ट्झ, एकूण स्मृती दहा सेकंदांची, आणि एका तुकड्याला कमाल अडीच सेकंद. या अडीच सेकंदांनी एका पिढीचं हिप हॉप घडवलं. मग युक्त्या निघाल्या. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर लावून नमुना घ्यायचा आणि यंत्रात पुन्हा मंद करायचा: अडीच सेकंदांत ३.३७ सेकंदांचं संगीत मावतं. ४५ ची तबकडी ७८ वर लावली तर ४.३३ सेकंद. बदल्यात आवाजाचे वरचे बारीक कण गळतात आणि एक खरखरीत धूसरपणा येतो. तो दोषच पुढे चव म्हणून ओळखला गेला.

'यूएफओ'ची सुरुवात या यंत्रासाठी घडवून घेतल्यासारखी आहे. गिटारचा तो सायरन पहिल्या काही सेकंदांत जवळजवळ एकटा उभा असतो. खाली स्वरांची गादी नाही, म्हणून कुठल्याही पट्टीतल्या गाण्यावर चिकटवला तरी भांडत नाही. बाकीची वाद्यं वर लगडलेली नाहीत, म्हणून कापताना कडा स्वच्छ निघतात. आणि मंद केला तर आणखी भेसूर होतो. ४५ ची तबकडी ३३⅓ वर वाजवली की लय मूळच्या ७४ टक्क्यांवर येते आणि सूर पाच अर्धस्वरांहून किंचित जास्त खाली उतरतो. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं ८९ वर येतं, म्हणजे नाचाच्या लयीतून थेट रॅपच्या लयीत. 'यूएफओ' हिप हॉपमध्ये बहुधा असाच मंदावून आलेला दिसतो.

म्हणजे ज्या मोकळ्या जागेमुळे हे संगीत नाचण्याजोगं झालं, तिच्यामुळेच ते कापण्याजोगं झालं. भरगच्च वाद्यवृंदातून असा तुकडा निघत नाही.

दोन हक्क, दोन सह्या

इथे घोडं पेंड खातं. अमेरिकी कायद्यात एका तबकडीत दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा: चाल, शब्द, बेसची ओळ, ती कुणीही वाजवली तरी. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, धंद्याच्या भाषेत 'मास्टर'चा: त्या दिवशी, त्या टेपवर उमटलेला प्रत्यक्ष आवाज. 'व्हाइट लाइन्स'मध्ये ओळ नव्याने वाजवली गेली, म्हणून भांडण रचनेचं. 'यूएफओ'चा सायरन टेपवरून उचलला गेला, म्हणून मास्टरचा हक्क थेट लागू. रचनेचा हक्क लागू होतो का, यावर मात्र वकील वाद घालू शकतो, कारण एक चढता सूर म्हणजे 'रचना' ठरतेच असं नाही. त्या सायरनची खरी किंमत मास्टरमध्ये आहे.

तुकडा रीतसर वापरायचा तर दोन सह्या लागतात: मास्टरच्या मालकाची आणि रचनेच्या प्रकाशकाची. गाणं नव्याने गाऊन काढायला सक्तीचा परवाना मिळतो, ठरलेला दर भरला की परवानगी मागावी लागत नाही. सॅम्पलला ही सवलत नाही. मालक नाही म्हणू शकतो किंवा हवी ती रक्कम सांगू शकतो. कागदावर हे बँडच्या फायद्याचं. प्रत्यक्षात विचारणाराच आला नाही तर या हक्काचं करायचं काय?

१९९१च्या डिसेंबरपर्यंत बरेच जण विचारतच नव्हते. त्या महिन्यात न्यू यॉर्कच्या संघ न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्यात विनापरवाना सॅम्पल ही सरळ चोरी ठरवली आणि कंपन्यांनी घाईघाईने परवाने घ्यायला सुरुवात केली. 'यूएफओ' वापरणारं बिग डॅडी केनचं गाणं १९८८चं. दावा करायला मुदत तीन वर्षांची. नव्या विक्रीवर नवी मुदत सुरू होते हे खरं, पण मागचं सगळं वसूल होत नाही. शिवाय दाव्याआधी हक्काची नोंदणी लागते, आणि ती उल्लंघनाच्या आधी झालेली नसेल तर कायद्याने ठरलेली भरपाई आणि वकिलाचा खर्च दोन्ही मागता येत नाहीत. वाट्याला येतं ते फक्त प्रत्यक्ष नुकसान आणि उचलणाऱ्याला त्यातून झालेला नफा, आणि ते सिद्ध करायचं काम मुख्यतः बँडचं. छोट्या बँडसाठी नोंदणीची किरकोळ फी वाचवणं म्हणजे आवळा वाचवून कोहळा घालवणं.

हातमिळवणीवर चालणाऱ्या लेबलांचा गुंता वेगळाच. फॅक्टरी तर करार न करण्यासाठीच प्रसिद्ध. अमेरिकी कायद्यानुसार मालकी दुसऱ्याकडे जायला सहीचा लेखी कागद लागतो. कागद नसेल तर मालकी गाणं घडवणाऱ्यांकडेच राहते, तोंडी बोलण्याने जात नाही. ऐकायला छान. पण परवाना देताना समोरचा वकील मालकीची साखळी दाखवा म्हणतो: टेप कुणाच्या पैशाने झाली, निर्मात्याने हक्क सोडला का, कोणत्या देशात कुणी काय काढलं. बंद पडलेल्या दुकानाच्या नावे छापलेली तबकडी आणि 'आमचंच आहे' एवढं सांगणाऱ्या चार बहिणी, हा पुरावा कोर्टात उभा करायलाच वर्षं जातात. ठेक्यात मोकळी जागा शोभते. करारात ती दुसऱ्याच्या वकिलाला शोभते.

छोट्या बँडचं गणित किती तुटपुंजं असतं तेही पाहावं. १९८१ मध्ये तबकडीवरच्या प्रत्येक गाण्यामागे रचनेचा ठरलेला दर ४ सेंट होता. तीन गाणी म्हणजे प्रतीमागे १२ सेंट. समजा १०,००० प्रती खपल्या आणि सगळा हिशेब चोख झाला, तर १,२०० डॉलर. चार जणींत प्रत्येकी ३००. उदाहरण म्हणून घेतलेला हा आकडा आहे, पण प्रमाण खरं आहे. अशा बँडला खरा पैसा लाखांनी खपणाऱ्या दुसऱ्याच्या गाण्यातल्या वाट्यातूनच मिळू शकतो. नेमका तोच मिळत नव्हता.

आणखी एक गोष्ट रेनेला खुपायची: काही रॅप गाण्यांत त्यांचा आवाज स्त्रियांबद्दलच्या घाणेरड्या ओळींखाली वाजायचा. अमेरिकेत संगीतकाराला नैतिक हक्काचा आधार नाही, तो कायदा दृश्यकलेपुरता. त्यामुळे अशा वापराला अडवायचा रस्ता पुन्हा मालकीवरूनच जातो.

१९९२ आणि नंतर

'सॅम्पल क्रेडिट्स डोन्ट पे अवर बिल्स' हे नाव चिडून ठेवलेलं वाटतं, पण त्यात व्यवहार आहे. तबकडीच्या मागे बारीक अक्षरात 'ईएसजीच्या गाण्याचा अंश' असं छापलं की सौजन्य पूर्ण होतं, देणं होत नाही. नाव छापणं आणि वाटा देणं हे दोन स्वतंत्र करार आहेत. पहिला मिळाला म्हणून दुसरा मागणं बंद करणारे कलाकार आजही सापडतात. रेने गप्प बसली नाही. वकील लावून एकेकाच्या मागे लागणं, काहींकडून तडजोड, काहींकडून टोलवाटोलवी, असं ते काम वर्षानुवर्षं चाललं.

अशा वेळी एक कायदेशीर खिडकी बँडच्या कामाची असते आणि ती फार थोड्यांना माहीत असते. १९७८ पासून दिलेले हक्क ३५ वर्षांनी परत मागता येतात, फक्त अमेरिकेपुरते. १९८१च्या करारासाठी ही खिडकी साधारण २०१६ मध्ये उघडली आणि पाच वर्षांनी मिटली. नोटीस हक्क परत घ्यायच्या तारखेच्या किमान दोन आणि कमाल दहा वर्षं आधी द्यावी लागते. एकत्र रचलेल्या कामात हक्क दिलेल्यांपैकी बहुमताची सही लागते; चौघींनी सही केली असेल तर तिघींची. काम 'वर्क मेड फॉर हायर', म्हणजे पगारी नोकर म्हणून केलेलं, असं करारात लिहून घेतलं असेल तर ही खिडकी बंद होऊ शकते. म्हणून जुन्या करारात ते चार शब्द कुठे आहेत हे आधी शोधायचं, तारीख नंतर मोजायची.

बँडला दुसरं आयुष्य मिळालं ते लंडनहून. सोल जॅझ रेकॉर्ड्सच्या युनिव्हर्सल साउंड या लेबलने २००० मध्ये 'अ साउथ ब्राँक्स स्टोरी' हे संकलन काढलं. तोपर्यंत मूळ तबकड्या दुर्मिळ झाल्या होत्या आणि लोक ईएसजीला इतरांच्या गाण्यांतल्या तुकड्यांतून ओळखत होते. आता पूर्ण गाणी हातात आली, बँड पुन्हा दौऱ्यांवर निघाला. २००२ मध्ये 'स्टेप ऑफ', २००६ मध्ये 'कीप ऑन मूव्हिंग'. रेनेची मुलगी निकोल आणि व्हॅलरीची मुलगी चिस्टेल बँडमध्ये आल्या. नव्या तबकड्यांतही गादी नाही, काँगा आहे, बेस मोजकाच बोलतो. तीस वर्षांत तंत्र बदललं तरी त्या सहा रिकाम्या खान्यांना कुणी हात लावला नाही.

२०१२ मध्ये निघालेल्या तबकडीचं नाव होतं 'क्लोजर', म्हणजे समाप्ती. पाच वर्षांनी त्यांनी आणखी एक काढली. नाव: 'व्हॉट मोअर कॅन यू टेक?'